शितावरून डोंगराची परीक्षा

आमचे सांवेर बाहेरगावच्या लोकांस ठाऊक असते ते बहुधा येथील उलट्या हनुमंतामुळे. इंदूरहून उज्जैनीस जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव; आणि येथील मारुतीची मूर्ती उलटी आहे. अहिरावणाने राम-लक्ष्मणांस पाताळात नेले, तेव्हा त्यांच्या सोडवणुकीसाठी मारुतीराय येथूनच खाली उतरले, अशी ह्या स्थानाची कथा सांगतात. भूमीच्या पोटात उतरावे, ज्यासाठी उतरलो तेच घेऊन वर यावे, आणि वाटेत दुसऱ्या कशासही हात लावू नये, असा त्या कथेचा एक अर्थ आम्हांस पुष्कळ दिवस जाणवत आला आहे. खनिजांची परीक्षा आणि त्यांची शुद्धी ह्या विषयावर चार शब्द लिहावयास बसलो असता तोच प्रथम मनात उभा राहिला.

वाचक विचारतील की, सांवेरास खाण कोठे आहे? ती नाही. येथे काळी कसदार जमीन आहे, गहू आहे, हरभरा आहे आणि गेल्या अर्धशतकापासून सोयाबीन आहे. परंतु ही काळी जमीन ज्या काळ्या पाषाणाची झाली, त्या पाषाणात शंभर भागांस सुमारे दहा भाग लोखंड असते. पावसाळा सरला की ओढ्याच्या वळणावर काळी चकचकीत रेती साचते. तीत लोहचुंबक फिरवला की त्यास दाढी फुटावी तसे कण चिकटतात. तरीही माळव्याच्या पठारास कोणी लोखंडाची खाण म्हणत नाही. उलट गोमंतकात डिचोली, सत्तरी, सांगे, केपे ह्या भागांत ज्या तांबड्या दगडात शंभरास पन्नास-साठ भाग लोखंड आहे, त्यास धातुक म्हणतात आणि त्यासाठी डोंगर फोडतात. म्हणजे दगड आणि धातुक असा भेद निसर्गाने केलेला नाही. तो माणसाने केला आहे. काढण्यास लागणारा खर्च आणि विकून येणारी किंमत यांच्या मेळावर तो भेद ठरतो, आणि बाजार हलला की तोही हलतो. आज जो दगड ढिगावर टाकून दिला, तोच वीस वर्षांनी जहाजावर चढतो. हा निवाडा कोणी करावयाचा? तो करणारे एक शास्त्र आहे, त्याच्या प्रयोगशाळा आहेत. पण देवळा-राउळांतून वावरणाऱ्या आपल्या समाजास त्यांची ओळख फारशी नाही.

रामकथेतच ह्या शास्त्राचे मर्म सापडते. लक्ष्मणास शक्ती लागली तेव्हा हनुमंत औषधी आणावयास गेले. पण नेमकी वनस्पती कोणती हे त्यांस ओळखता येईना, म्हणून त्यांनी शिखरच उचलून आणले. अंगात बळ अलोट होते. उणीव होती ती पारखीची. त्या शिखरातून हवी ती मुळी वेचून काढली सुषेणाने. खाणीच्या धंद्यातही हीच दोन कामे असतात. डोंगर उचलणारे हात आता यंत्रांना आले आहेत आणि त्यांना थकवा ठाऊक नाही. पण त्या डोंगरात हवे ते किती, नको ते किती, आणि एकापासून दुसरे वेगळे कसे करावयाचे, हे सांगणारा सुषेण जवळ नसेल, तर उचललेला डोंगर फुकट जातो. आणि तो उचलल्यावर सुषेणास बोलावण्यापेक्षा आधीच विचारावे, हे शहाणपण जगास फार उशिरा आले.

ह्या परीक्षेचा पाया म्हणजे नमुना. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. म्हण खरी आहे. पण ती भातापुरतीच खरी आहे. एका भांड्यात, एका पाण्यात, एका आचेवर शिजलेला भात असतो, म्हणून एक शीत सगळ्यांची साक्ष देऊ शकते. डोंगर काही एका भांड्यात शिजलेला नसतो. एका कोपऱ्यात धातू दाट, चार हातांवर विरळ. वर मुरूम, मध्ये भुसभुशीत भुकटी, खाली माती. आमच्या येथील धान्याच्या मंडीत व्यापारी पोत्यात लोखंडी परखी खुपसून मूठभर दाणे काढतो आणि त्यावर भाव सांगतो. शेतकरी भोळा नसतो. परखी वरच्याच थरात फिरली की तो लगेच हरकत घेतो. खनिजाच्या नमुन्याचेही तसेच आहे. ढीग शंकूसारखा रचतात, तो दाबून सपाट करतात, त्याचे चार सारखे भाग करतात, समोरासमोरचे दोन टाकतात आणि उरलेले दोन मिसळून पुन्हा शंकू रचतात. मध्येच फोडणे, दळणे चालू असते. कारण कण मोठे असतील तर नमुनाही मोठाच घ्यावा लागतो. असे करता करता शेकडो टनांच्या ढिगातून शेवटी यंत्रात जाते ती भुकटी एक तोळ्याचीही नसते. त्या भुकटीच्या शब्दावर कोट्यवधी रुपयांचे व्यवहार ठरतात. नमुना घेणाऱ्याचा हात अप्रामाणिक असेल, किंवा नुसता आळशी असेल, तर पुढचे सारे रसायनशास्त्र खोट्या साक्षीदाराची साक्ष अतिशय अचूकपणे लिहून घेते, एवढेच.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण फार जुने नाही. इंडोनेशियातील बुसांग येथे अफाट सोने सापडले, अशी हाकाटी ब्रे-एक्स नावाच्या एका कॅनेडियन कंपनीने केली आणि तिच्या भागांची किंमत आकाशास भिडली. १९९७ साली दुसऱ्या कंपनीने त्याच जागी स्वतःची भोके पाडून पाहिली, तो सोन्याचा पत्ता नाही. आधीच्या दगडाच्या चुऱ्यात कोणी तरी बाहेरून सोन्याचे कण मिसळले होते. प्रयोगशाळेचा तराजू खोटा नव्हता; त्याच्यापुढे ठेवलेला नमुना खोटा होता. त्या प्रकरणानंतर कॅनडाने २००१ पासून खनिजसाठ्यांच्या जाहीर निवेदनास कडक नियम लावले, आणि ती माहिती जबाबदार तज्ज्ञाच्या सहीनिशीच द्यावी, असे ठरविले.

आपल्या देशात हे काम सरकारी पातळीवर सुरू झाले ते स्वातंत्र्याबरोबरच. भारतीय खाण ब्यूरो १ मार्च १९४८ रोजी स्थापन झाला. त्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरास आहे. जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा १९५० च्या नोव्हेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते उघडली गेली. ॲल्युमिनियमच्या संशोधनासाठी नेहरूंच्याच नावाचे केंद्र १९८९ मध्ये पुन्हा नागपुरातच निघाले. नागपूरजवळ हिंगण्यास खाण ब्यूरोची खनिज-प्रक्रियेची प्रयोगशाळा असून तिला जोडून लहान प्रमाणावरील कारखानाही आहे. एका स्नेह्यांच्या कृपेने अशा प्रयोगशाळेतील कामाची रीत समजून घेण्याचा योग आम्हांस आला. तेथे आमचा पहिला समज गळाला तो हा, की परीक्षा म्हणजे केवळ धातूचे प्रमाण मोजणे. ते तर कामाचे पहिले पाऊल. खरा प्रश्न पुढे असतो: जे आहे ते सुटे होईल काय?

दगडात धातूचे खनिज आणि गारगोटी ही दूध-पाण्यासारखी नव्हे, तर चिक्कीतल्या शेंगदाण्या-गुळासारखी एकमेकांत रुतलेली असतात. दाणा गुळापासून सुटेल इतके ते बारीक केले पाहिजे. पण त्याहून अधिक बारीक केले तर पीठ होऊन धातूच गाळाबरोबर वाहून जाते. म्हणून एखादा दगड किती दळावा आणि त्यास किती वीज लागेल, याचीही स्वतंत्र चाचणी असते. दळणाचा खर्च बहुधा सर्वांत जड पडतो. एकदा कण सुटे झाले की त्यांच्या स्वभावातील भेद शोधावयाचा. लोखंडाचे तांबडे खनिज हेमॅटाइट पाण्याच्या पाचपट जड. गारगोटी अडीच-पावणेतीन पटच. तेव्हा पाण्याच्या प्रवाहात हलविले की जड खाली बसते आणि हलके वाहून जाते. सुपात धान्य पाखडणाऱ्या आपल्या आया-बहिणी हेच वाऱ्याच्या साहाय्याने करीत आल्या. काही खनिजे चुंबकाकडे धावतात, काही पाठ फिरवतात. आणि काहींसाठी एक विलक्षण युक्ती आहे. तीस ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे विसाव्या शतकाच्या आरंभी खरे व्यापारी रूप आले. पाण्यात विशिष्ट द्रव्ये घालून खालून हवेचे बुडबुडे सोडावयाचे. ज्या कणांना पाण्याचा तिटकारा ते बुडबुड्यास चिकटून फेसाबरोबर वर येतात, बाकीचे तळाशी राहतात. जड धातू फेसावर तरंगतो, हे प्रथम पाहणारास चमत्कारच वाटतो. हे सर्व आधी ग्रॅमांवर, मग किलोंवर, मग टनांवर करून पाहतात. पहिल्या पायरीवर जमलेले तिसऱ्या पायरीवर पुष्कळदा फसते. आणि ते कारखाना उभारण्याच्या आधी फसावे, म्हणूनच हा खटाटोप असतो.

आमच्या माळव्याशी ह्या शास्त्राचा संबंध झाबुआच्या बाजूने येतो. झाबुआ संस्थानातील काजळी डोंगरीच्या मँगनीजमध्ये फर्मर ह्या भूशास्त्रज्ञास एक नवे खनिज आढळले. १९०६ मध्ये त्यास हॉलंडाइट हे नाव मिळाले, आणि आज जगातील खनिजांच्या कोशात ते त्याच नावाने नांदत आहे. पण सांवेरच्या शेतकऱ्यास जवळचा आहे तो त्याच जिल्ह्यातील फॉस्फेटचा दगड. पुरातन समुद्रातील सूक्ष्म जिवांच्या थरांतून तो घडला. पिकास लागणारा फॉस्फरस त्यात आहे. पण चुनखडीच्या जातीच्या खनिजांशी तो असा मिसळलेला, की त्यांना सुटे करणे हे ह्या शास्त्रातील अवघड कामांपैकी एक. दोहोंचे स्वभाव इतके सारखे, की फेसावर एकास बोलवावे तर दुसरेही येते. बरे, दगड नुसता दळून शेतात टाकावा म्हटले, तर गोमंतकाच्या आंबट जांभ्या मातीत तो हळूहळू विरघळून पिकास लागतो. आमच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत मात्र तो वर्षानुवर्षे जसाच्या तसा पडून राहतो. तेव्हा त्याची शुद्धी करून, आम्लाची प्रक्रिया देऊन, सुपर फॉस्फेट केल्यावाचून सांवेरच्या सोयाबीनास त्याचा उपयोग नाही. एकच दगड एका भूमीस अन्न आणि दुसरीस ओझे! परीक्षा दगडाची करावयाची, पण ज्या भूमीस तो जावयाचा आहे तिचीही करावयाची, हा धडा आम्ही येथे शिकलो. आणि त्याची खरी किंमत कळली ती गोमंतकात.

आमचे घराणे मूळचे गोमंतकाचे. उदरनिर्वाह माळव्यात झाला तरी कुलदेवता तिकडेच असल्यामुळे जाणे-येणे सुटलेले नाही. ह्या मासिकाच्या वाचकांपैकी कित्येकांची हीच स्थिती असेल. आणि आपल्याच समाजातील काही खाणींचे मालक झाले, काही तेथे नोकरीस लागले, काहींचे ट्रक व बार्जी त्यावर चालल्या, आणि काहींची शेते त्याच खाणींच्या पायथ्याशी होती, हेही वाचकांस सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत जपानच्या मागणीने हा धंदा वाढला. आरंभी हातांनी फोडून, निवडून, पाट्यांनी वाहून केवळ उत्तम प्रतीचा दगड मुरगावास जाई. पुढे यंत्रे आली. गोमंतकातील धातुक बहुतांशी भुकटीचे असल्यामुळे ते धुवून मातीपासून वेगळे करण्याचे कारखाने निघाले. एक टन धातुकासाठी अडीच ते तीन टन मुरूम-माती बाजूस टाकावी लागे. तिचे डोंगर खाणीशेजारी उभे राहिले. शुद्धीचे शास्त्र वाढले आणि चीनची मागणी आली, तसे पूर्वी टाकलेले ढीगही विकाऊ ठरले. कोणता दगड टाकून देता येणार नाही, याची मर्यादा खाण ब्यूरो ठरवितो. हेमॅटाइटाच्या बाबतीत २००९ मध्ये ती ४५ टक्के लोखंडापर्यंत खाली आणली गेली. संपत्तीचा अपव्यय टाळण्याच्या दृष्टीने हे योग्यच होते. जे आजोबांनी फेकले ते नातवाने वेचावे, यात शास्त्राचा विजय आहे.

परंतु प्रयोगशाळेने दगडास जे प्रश्न विचारले, त्यांचीच उत्तरे दगडाने दिली. लोखंड किती, सिलिका किती, ॲल्युमिना किती, ओलावा किती, हे कागदावर आले. त्या भुसभुशीत धातुकाच्या थरातच डोंगराचे पाणी साठलेले असते. तो थर गावच्या झऱ्यांचा माठ आहे, ही गोष्ट त्या कागदावर कोणत्याही रकान्यात नव्हती. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की पाणी उपसावे लागते. आणि माठ फुटला की खालची विहीर आटते. धुण्याच्या कारखान्यातून निघणारा तांबडा गाळ तळ्यात राहिला तर ठीक. पावसात बांध फुटला तर तो भातशेतीत पसरतो आणि वाळल्यावर विटेसारखा कडक होतो. देवी लईराईचे शिरगाव आपणां सर्वांस परिचित आहे. जत्रेपूर्वी धोंड भक्त व्रतस्थ राहून तळीत स्नान करतात आणि मग अग्निदिव्य करतात. त्या शिरगावास खाणींनी वेढले, आणि विहिरी व झरे आटल्याचे गाऱ्हाणे थेट न्यायालयापर्यंत गेले. डिचोली भागातीलच दुसऱ्या एका लहान देवळात वृद्ध पुजारीबाबा आम्हांस म्हणाले, “बांयंत उदक ना, तीर्थ खंयचें हाडूं?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. अभिषेकाचे पाणी टँकरचे होते, ते आम्ही ओंजळीत घेतले, आणि काय बोलावे हे आम्हांस सुचले नाही.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. २०१२ च्या सप्टेंबरात गोमंतकातील खाणी सरकारने थांबविल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ च्या एप्रिलात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, आणि पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधी उभारण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले व मार्चपासून काम पुन्हा थांबले. त्यानंतर लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत खाण पुन्हा चालू झाली. बंदीच्या काळात ज्यांच्या घरची चूल ट्रकवर चालत होती, त्यांचे हाल आम्ही पाहिले आहेत. हप्ते थकले, मुलांच्या शाळा सुटल्या. त्यामुळे खाणी सदासर्वदा बंद असाव्या, असे म्हणणे आम्हांस जड जाते. आणि पूर्वीसारख्याच चालाव्या, हे म्हणणे त्याहून जड जाते. ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखनिजाच्या गाळाचा बांध फुटला आणि २७० माणसे त्याखाली गाडली गेली. तेथेही धातुकाची परीक्षा उत्तम झालेलीच असणार. शुद्धीनंतर उरलेल्या गाळाकडे तितक्याच बारीक नजरेने पाहिले गेले नाही.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच आहे की, परीक्षा कमी नको. ती अधिक हवी, आणि तिचा नमुना अधिक व्यापक हवा. ढिगाच्या चार भागांपैकी दोन फेकावयाचे तर तेही सारखे मिसळून फेकावयाचे, अशी ह्या शास्त्राची शिस्त आहे. एखादा भाग गैरसोयीचा म्हणून तो टाकता येत नाही. हीच शिस्त गावालाही लावावी. डोंगर हा नुसते धातुक नव्हे. त्यात त्याचे पाणी येते, पायथ्याचे कुळागर येते, खालची शेते येतात. यांपैकी काही वगळून घेतलेला नमुना, मग तो कितीही काटेकोर तोललेला असो, बुसांगच्या नमुन्याइतकाच अपुरा आहे. तेथे खोटे मिसळले होते, येथे खरे वगळले जाते. निष्कर्ष मात्र दोन्हीकडे चुकतो.

आणि येथे आपल्या देवस्थानांस एक साधे काम करता येण्यासारखे आहे. देवळाच्या विहिरीतून रोज पहाटे पाणी काढले जाते. त्यात वर्षभर खंड पडत नाही. गावात इतक्या नियमाने हात लागणारी दुसरी विहीर नसते. पाणी किती हात खाली गेले आहे, हे महिन्यातून एकदा दोरीस गाठ मारून मोजावे आणि देवस्थानच्या वहीत तिथी-तारखेसह लिहून ठेवावे. पावसाळ्यापूर्वी व नंतर एक बाटली पाणी तपासणीस पाठवावे, आणि जो निकाल येईल तो सभामंडपात लावावा. खाण सुरू होण्यापूर्वीची दहा वर्षांची अशी वही गावापाशी असेल, तर पुढे विहीर आटली तेव्हा कोणी कोणास दोष द्यावयाचा, याचा वाद उरत नाही. आणि खाणीचा दोष नसेल तर खाणवाल्यावर वृथा आळही येत नाही. देवापुढे ठेवलेल्या वहीत खोटा आकडा लिहिण्यास आपल्याकडे अजूनही हात कचरतो, हे काही लहान भांडवल नव्हे. महाजनांच्या सभेत जमाखर्चाबरोबर हा पाण्याचा जमाखर्चही वाचला जावा, अशी आमची सूचना आहे.

वाल्मीकींच्या रामायणात औषधीचा पर्वत आणल्याचा प्रसंग एकदाच नव्हे, दोनदा येतो. त्यांपैकी पहिल्या वेळी, औषधींच्या गंधाने वीर उठून बसल्यावर, हनुमंतांनी तो पर्वत परत हिमालयात नेऊन ठेवला, असे स्पष्ट सांगितले आहे. कीर्तनांतून पर्वत आणल्याचे वर्णन आपण पुष्कळ ऐकतो. परत नेल्याचे फारसे कोणी सांगत नाही. नेलेला डोंगर जसाच्या तसा परत ठेवण्याचे सामर्थ्य आजच्या माणसात नाही. खड्डा भरता येतो, ढिगावर झाडे लावता येतात, गाळ अडविता येतो. फुटलेला झरा मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत सांधता येत नाही. जे सांधता येणार नाही त्याची परीक्षा तोडण्यापूर्वीच पुरी करावी, एवढी सद्बुद्धी श्रीदेवी आपणां सर्वांस देवो.